रोमुलोचा पाय आणि माझी वेणी

१९८३ सालच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी रोमुलोचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उजवा पाय घोट्यापासून कापावा लागेल असं सांगितलं, आणि त्याच दुपारी मी मरियामातेला नवसात माझी वेणी बोलून मोकळी झाले. पाय वाचव, वेणी घे. सौदा सरळ होता. पुढे त्याला जे फाटे फुटले त्यांचा दोष मी माउलीला देत नाही. एकाच घरातून किती अर्ज जावेत यालाही काही मर्यादा असते.

वेणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता माझ्या डोक्याकडे पाहून कुणाचा विश्वास बसत नाही. लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियननंतर माझ्या केसांना कात्री लागलेली नव्हती. वेणी मनगटाएवढी जाड होती आणि मी बसले की खुर्चीला टेकायची. सान अंतोनियोच्या पश्चिमेकडच्या आमच्या गल्लीत लोक पत्ता सांगताना "वेणीवालीच्या घरावरून डावीकडे" असं सांगत. चोना माझी कोमाद्रे. म्हणजे माझ्या मुलीची धर्ममाता, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची आणि तिच्यापेक्षा दुप्पट तोंडाळ. ती म्हणायची, "रोमुलोनं लग्न वेणीशी केलं. तू तिला लोंबकळत मागून आलीस."

रोमुलोचा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला. दुसऱ्यांना साखर खाऊ घालता घालता ती त्याच्या रक्तात कधी उतरली ते त्यालाही कळलं नाही. आमच्या लोकांत या आजाराला कुणी लांबलचक नावानं हाक मारत नाही. "त्याला साखर आहे" म्हणतात, जसं "त्याला घर आहे" किंवा "त्याला सासू आहे". साखरेनं त्याच्या तळपायाची जाणीव गेली होती. एक दिवस जोड्यात खडा शिरला, तो दिवसभर त्या खड्यावर चालला आणि रात्री मोजा काढला तेव्हा मी बघितलं. बाकीचं सांगायला नको.

माउलीनं आपली बाजू चोख पाळली. पाय कापायची तारीख आधी पुढे गेली, मग रद्द झाली, आणि मे महिन्यात जखमेवर नवी गुलाबी कातडी धरली. आता फक्त नवस फेडायचा राहिला होता. त्यासाठी दक्षिणेला, नदीच्या खोऱ्यातल्या मरियामातेच्या मोठ्या तीर्थमंदिरात जायचं, आणि ज्याच्यासाठी बोललो त्याला स्वतःच्या पायांनी माउलीपुढे उभं करायचं, ही आमची रीत. रोमुलोच्या पायात जोडा शिरायला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही थांबलो.

आणि तेवढ्यात माझे केस गळायला लागले.

आधी कंगव्यात, मग उशीवर, मग घेवड्याच्या पातेल्यात. रोमुलो तोर्तियाच्या पोळीतून केस ओढून काढायचा, बोटाला गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि काही न बोलता जेवत राहायचा. नवऱ्यानं बोलून दाखवलेलं एकवेळ सोसतं. त्याचं हे न बोलणं सोसत नाही.

माझा जीव टांगणीला लागला तो रूपासाठी नव्हे. थोडा रूपासाठीही असेल, पण तो मुद्दा वेगळा. बोललेली वस्तू हातात पडण्याआधीच सरत चालली होती. वेणी पोचलीच नाही आणि माउलीनं दिलेलं परत घेतलं तर? रोज संध्याकाळी मी आधी रोमुलोचा तळपाय दिव्याखाली धरून बघायची आणि मग आरशात आपलं डोकं. पाय भरत होता, डोकं ओस पडत होतं.

गल्लीला बातमी लागली. आमच्या गल्लीत दुखण्यापेक्षा सल्ले जास्त आहेत आणि ते घरपोच मिळतात. सेनोरा लोसानो म्हणाली, कांद्याचा रस लाव. तिची जाऊ म्हणाली, रोजमेरीचं पाणी, पण ते तिच्याच अंगणातल्या रोजमेरीचं. टायरवाल्यानं घोड्यांचा शाम्पू आणून दिला. त्याच्या मेव्हण्याच्या घोड्याची आयाळ म्हणे बघण्यासारखी होती. एकीनं केसांची टोकं पौर्णिमेला कापायला सांगितलं आणि दुसरीनं पौर्णिमेला केसांना हातही लावू नकोस म्हणून बजावलं. दोघी शेजारी शेजारी राहायच्या, त्यामुळे दोघींचा मान राखण्यासाठी मी ती पौर्णिमा डोक्याला फडकं बांधून काढली.

मी सगळं केलं. कांदा लावून चर्चमध्ये मिस्साला गेले तेव्हा बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा झाली. चोना माझ्यापासून चार हात दूर बसली आणि म्हणाली, "कोमाद्रे, वासावरून तू आता शिजलीस. थोडं मीठ घाल आणि उतरव."

या सगळ्यात एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, आणि दिसली असती तरी मी तिला दोष दिला नसता, कारण ती रीतच होती. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कुणी येत नाही. रोमुलो बेकरीवाला, तेव्हा त्याला भेटायला येणारा प्रत्येक जण गोड पावाची पिशवी घेऊन येई. वर साखरेची शिंपली असलेले कोंचा, अननसाच्या मुरंब्याच्या करंज्या, दालचिनीत घोळवलेली बिस्किटं. परत पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. टाकून देणं म्हणजे पाप. आणि रोमुलोच्या हाती लागू देणं म्हणजे पाय गेलाच समजा. मग राहिलं कोण?

मी ते उभ्या उभ्या खायची. आणणाऱ्याच्या समोर एक, म्हणजे त्याला बरं वाटावं. बाकीचे स्वयंपाकघराचं दार लोटून, म्हणजे रोमुलोला वास लागू नये. मला त्यात सुख नव्हतं असं म्हणणार नाही, पण माझी भावना पहारेकऱ्याची होती. एकेक कोंचा पोटात घालताना मला वाटायचं, हा एक शत्रू कमी झाला.

सप्टेंबरात रोमुलोच्या पायात नवा, रुंद, डॉक्टरी जोडा शिरला आणि मी तीर्थमंदिरात फोन लावला. तिथल्या बाईचा आवाज पोस्टातल्या खिडकीसारखा होता.

"नवसाची वेणी फक्त शनिवारी घेतो. धुतलेली, वाळलेली, दोन्ही टोकांना बांधलेली. कसर लागते."

"बरं."

"लांबी कोपरापासून बोटांपर्यंत तरी हवी. आणि केस स्वतःचेच आहेत अशी तुमच्या चर्चच्या फादरांची चिठ्ठी."

"माझेच आहेत, बाई. डोक्यावरच आहेत."

"सगळे तेच सांगतात. गेल्या वर्षी एकीनं नायलॉन आणून दिलं."

चिठ्ठीसाठी मी फादर किलोरनकडे गेले. हे मूळचे आयर्लंडचे, आमच्यात राहून आमच्यापेक्षा जास्त तिखट खायला शिकलेले, आणि डोक्यावर औषधालाही केस नसलेले. त्यांनी माझी वेणी दुरूनच बघितली, जशी दुसऱ्याच्या घरातली भांडणं बघावीत. "ओर्तेन्सिया, केसांबद्दल दाखला देण्याचा अधिकार मला नेमका कुठून येतो?" म्हणाले. "तरी पण या रविवारी मिस्सा झाल्यावर ये. नीट बघून लिहून देतो."

नीट बघून. हे दोन शब्द मला झोंबले. वेणी तोपर्यंत उंदराच्या शेपटीवर आली होती. ती फादर नीट बघणार, ती माउलीपुढे टांगली जाणार, शेजारी दुसऱ्या बायकांच्या दोरखंडासारख्या वेण्या. मी चोनाला म्हटलं, "मला लाज वाटते." चोना मला धरून नेल्दाच्या पार्लरमध्ये घेऊन गेली.

नेल्दा नुसते केस कापत नसे, मतंही कापून हातात देत असे. तिनं माझी वेणी दोन बोटांत धरून म्हटलं, "डोन्या ओर्तेन्सिया, ही वेणी नाही, अफवा आहे." मग कपाटातून खोट्या केसांचा एक झुबका काढला आणि माझ्या केसांत असा काही गुंफला की वेणी पुन्हा मनगटाएवढी झाली. "आतला गाभा तुमचाच आहे," ती म्हणाली. "मी फक्त भरीव काम केलं." माझ्या मनाला ते पटलं. तामालात मांस थोडं आणि पीठ जास्त असतं, म्हणून त्याला कुणी खोटा तामाल म्हणत नाही.

त्या रविवारी मी मान ताठ करून तिसऱ्या बाकावर बसले. आमच्या चर्चमध्ये दानाची टोपली लांब दांड्याला लावलेली असते. डॉन चेमा ती प्रत्येक रांगेत आत सरकवतो आणि मागे ओढतो. त्याचं वय झालेलं, नजर अधू, पण दांडा कुणाच्या हाती देणार नाही. त्यानं आमच्या मागच्या रांगेत टोपली सरकवली. माझी वेणी बाकाच्या पाठीवरून मागे लोंबत होती. टोपली परत ओढताना तिच्या वेतात वेणीचं टोक अडकलं, डॉन चेमाला वाटलं कुणीतरी दान द्यायला चालढकल करतंय, म्हणून त्यानं हिसडा मारला.

डोक्याला एकदम हलकं वाटलं. मागे वळून बघते तर माझं भरीव काम टोपलीत, नाण्यांवर वेटोळं घालून बसलेलं, आणि टोपली पुढच्या रांगेकडे निघालेली. एका बाईनं क्रुसाची खूण केली. एकानं नाणं टाकायला पुढे केलेला हात मागे घेतला. मी उठून मागे धावू शकत होते, पण माझ्या अंगी थोडीफार प्रतिष्ठा उरली होती आणि ती बसून राहण्यातच होती. टोपली रांगा फिरत फिरत वेदीपर्यंत गेली. फादर किलोरननी आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपलीवर हात धरून ठरलेली प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. वेणीलाही आशीर्वाद मिळाला.

मिस्सा झाल्यावर ते म्हणाले, "आता मात्र मी खात्रीनं लिहून देऊ शकतो. जे उरलंय ते तुझंच आहे."

घरी येऊन मी परसात झाडांना पाणी घालत रडले. आणि रडता रडता नळीच तोंडाला लावून पाणी प्यायले, पुन्हा प्यायले, पुन्हा. रोमुलो दारात उभा होता. त्याचं लक्ष माझ्या डोक्याकडे नव्हतं.

"म्हातारे, कधीपासून पितेस असं?"

"ऊन आहे."

"रात्री किती वेळा उठतेस ते मला माहीत आहे. मला वाटायचं, माझ्या काळजीनं उठतेस." तो नवा जोडा फरफटवत जवळ आला आणि नळ बंद केला. "ही तहान मी ओळखतो. माझ्याकडे राहून गेली आहे ती."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दवाखान्यात नेलं. नर्स बेनाविदेस आमच्याच वस्तीतली, रोमुलोला शाळामास्तरणीसारखी धाकात ठेवणारी. माझ्या रक्ताचा कागद बघून तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"डोन्या ओर्तेन्सिया, तुमची साखर यांच्यापेक्षा जास्त आहे. खाता काय?"

"मी? मी काही खात नाही. घरात आलेलं वाया जाऊ नये एवढंच."

"घरात काय येतं?"

"पाव."

"पथ्य यांना आहे. मग पाव खातं कोण?"

"मी. यांच्या तोंडात जाऊ नये म्हणून."

रोमुलो छताकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसतोय की रडतोय ते मला आजतागायत नक्की कळलेलं नाही. नर्स बेनाविदेसनं मात्र तोंड सरळ ठेवलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. डॉक्टर म्हणाले, केस काळजीनं गळतात आणि साखरेनंही गळतात, तुम्ही एकावर थांबला नाहीत. साखर खाली आली की काही महिन्यांत गळणं थांबेल. कांदा भाजीत घाला. आणि नर्सनं दोघांनाही समोर बसवून ताकीद दिली: आता दोघांनी एकमेकांचे तळपाय रोज बघायचे आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरात नाही, अंगणात नाही, समुद्रावर नाही. साखरेच्या माणसाला जमिनीवर भरवसा ठेवता येत नाही.

हिवाळाभर आम्ही दोघं पथ्यावर राहिलो. लांबचा प्रवासही वसंतापर्यंत बंद झाला. पावाच्या पिशव्या येतच राहिल्या, त्या मी कुंपणावरून चोनाकडे द्यायची. चोना म्हणायची, "मैत्रीखातर काय काय करावं लागतं." फेब्रुवारीत उशीवरचे केस कमी झाले. मार्चमध्ये कंगवा जवळजवळ रिकामा यायला लागला. वेणी बारीक ती बारीकच राहिली, पण तिचं सरणं थांबलं, आणि कोपरापासून बोटांपर्यंत ती अजून भरत होती.

एप्रिलातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. गाडी चर्चची, चालवायला फादर किलोरन, मागे मी, रोमुलो आणि मांडीवर कात्रीची पिशवी घेतलेली चोना. रस्ताभर रोमुलो गप्प. मला वाटलं, वेणीचं दुःख. पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि तीर्थमंदिरापुढचं डांबरी पटांगण तव्यासारखं तापलं होतं. मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि वळून बघते तर रोमुलो गाडीच्या पायरीवर बसून जोड्याची नाडी सोडतोय.

"खडा गेला का?" मी घाबरून विचारलं.

"नाही."

"मग काय करतोस?"

"नवस फेडतोय." त्यानं मान वर केली नाही. "तू रडत होतीस ना, सप्टेंबरात. तेव्हा मी बोललो. तिचे केस गळायचे थांबव, मी गाडीपासून वेदीपर्यंत अनवाणी चालत येईन. थांबले. आता चालायला हवं."

ज्या पायासाठी मी केस बोलले होते, तो पाय हा माणूस माझ्या केसांसाठी डांबरावर भाजायला निघाला होता.

"रोमुलो, जोडा घाल."

"बोललोय."

"तुला तळवा भाजलेला कळणारसुद्धा नाही, गाढवा."

"म्हणून तर सोपं जाईल."

चोना म्हणाली, "माउलीला दोघांनी मिळून चांगलं कोड्यात टाकलंत."

एक जोडा निघाला होता. तो मोज्याला हात घालत होता. वाकताना त्याला दम लागायचा, तेवढाच माझ्याकडे वेळ होता. मी चोनाच्या मांडीवरून कात्री ओढली, रुमाल फेकला आणि तिथेच, बसमधून उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या देखत, वेणी मानेपाशी धरून कापायला सुरुवात केली. वेणी एवढीशी, पण कात्री चोनाच्या स्वयंपाकघरातली, कोंबडीच्या कामाची. करकर आवाज करत ती एकदाची तुटली. मी ती रोमुलोच्या नाकासमोर धरली.

"बघ. आता माझ्या डोक्यावर केस आहेत का? नाहीत. तुझा नवस मोडला. जोडा घाल."

रोमुलोनं वेणीकडे बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "मी 'गळायचे थांबव' म्हटलं होतं. कापलेले गळलेल्यात धरत नाहीत."

माझ्या मागे जमलेल्या यात्रेकरूंपैकी एक म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे त्याचं." आणि लोकांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, केस राहिलेच नाहीत तर नवस कसला. दुसऱ्या बाजूचं, माउलीनं दिलं ते दिलं, नंतर तुम्ही त्याचं काय करता तो तिचा प्रश्न नाही. एक जण माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. शेवटी सगळे फादर किलोरनकडे वळले.

फादरना निवाडा द्यायला फार आवडायचं, फक्त आमच्याकडे तशी संधी कमी येई. त्यांनी हात पाठीमागे बांधले. "नवस खरा आहे," ते म्हणाले, "आणि तो फेडला पाहिजे. पण ज्यानं शरीराला अपाय होईल असा नवस देव त्याच माणसाकडून वसूल करत नाही. चर्चची शिकवण अशी आहे, की त्याच्या वतीनं दुसरं कुणी, निरोगी पायांचं माणूस, मनापासून चाललं, तर ते त्याच्याच खात्यावर जमा होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शोध सुरू झाला. मी साखरेची. चोना म्हणाली, "मला सध्या तहान फार लागते, मी काही बोलत नाही." यात्रेकरूंपैकी ज्यांनी ज्यांनी मत दिलं होतं, त्यांना एकाएकी आपापल्या बस आठवल्या. रोमुलो फादरांच्या जोड्यांकडे बघायला लागला. मग मी बघितलं. मग चोनानं फार मायेनं विचारलं, "फादर, तुमच्या पायांना काही झालंय का हो?"

आपल्याच शहाणपणात सापडलेला इतका मोठा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्यांनी वाकून जोडे काढले, मोजे काढून घडी करून जोड्यात ठेवले. त्यांचे पाय दुधासारखे पांढरे होते. जन्मात ऊन न बघितलेले. पहिल्या पावलाला त्यांनी श्वास ओढला, दुसऱ्याला आयरिश भाषेत काहीतरी म्हटलं, जे चोनाच्या मते प्रार्थना नव्हतं, आणि मग झगा दोन्ही हातांनी उचलून ते जे सुटले ते वेदीपर्यंत कुणाला सापडले नाहीत. त्यांच्या मागे रोमुलो, दोन्ही जोडे नीट बांधून, सावकाश. त्याच्या मागे मी, हातात वेणी घेऊन.

वेण्यांच्या खोलीत पोस्टाच्या आवाजाची ती बाई होती. तिनं चिठ्ठी वाचली, वेणी हातभर मोजली आणि खिळ्याला लावली. आजूबाजूच्या वेण्यांमध्ये ती दिसेनाच. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. पण रोमुलो तिच्यासमोर आपल्या दोन पायांवर उभा होता, आणि मला त्याच्या पायांवरून डोळे काढून भिंतीकडे बघायला सवडच झाली नाही. त्यानं माझ्या उघड्या मानेवर हात ठेवला. "वारा लागत असेल," म्हणाला.

फादर किलोरनच्या तळव्यांचे फोड पंधरवड्यात बरे झाले. पुढे त्यांची बदली डॅलसकडे झाली. निवाडा मागितला की ते आधी बसून घेत, असं तिथून आलेली माणसं सांगायची. नर्स बेनाविदेसनं ही हकीकत ऐकल्यावर त्यांच्यासाठी मलम पाठवलं आणि आम्हा दोघांशी महिनाभर बोलली नाही. नेल्दानं त्या सोमवारी माझे केस मानेबरोबर नीट कापून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि मग गल्लीतल्या निम्म्या बायका तसेच कापून घ्यायला आल्या. डॉन चेमाच्या हातून दांडा कुणी काढून घेऊ शकलं नाही. तो दांड्यासकटच गेला असं म्हणायला हरकत नाही. चोनाला वर्षाच्या आत साखर निघाली. "तुझ्या पिशव्यांतून आली," असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि मी तिच्या शेवटच्या आजारात तिच्याकडे रिकाम्या हातानं जायची. बाकीचे काही ना काही घेऊन येत, पण तिला माझंच येणं सगळ्यांत आवडायचं. माझे केस पुन्हा बऱ्यापैकी दाट आले, पण मी ते वाढवले नाहीत. रोमुलोला माझी मान आवडायला लागली होती.

रोमुलो २००२ साली हृदयविकारानं गेला. दोन्ही पाय शाबूत. अंत्यविधीवाला मुलगा मोठा नम्र होता. तो म्हणाला, "सेनोरा, शवपेटीचा खालचा अर्धा भाग झाकलेलाच असतो. जोड्यांची गरज नसते." मी त्याला आमच्या घरी पाठवून रोमुलोचे ते रुंद, डॉक्टरी जोडे मागवले. आधी दोन्ही तळवे उजेडात धरून नीट बघितले. कुठे काही नव्हतं. मग मोजे घातले, सुरकुती राहू न देता, आणि जोड्यांच्या नाड्या माझ्या हातांनी बांधल्या.